पुराव्याच्या कायद्याचे कारकुनी शिक्षण : पुण्याच्या कचेरीतील काही शब्द

पुराव्याच्या कायद्याचा अभ्यास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे विधिमहाविद्यालयाचा वर्ग उभा राहतो. १८७२ चा अधिनियम, त्याची १६७ कलमे, सर जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांची मांडणी आणि तिच्यावरील न्यायनिर्णय, असा त्या अभ्यासाचा क्रम असतो. परंतु पुण्यासारख्या शहरात हा कायदा शिकणारा आणखी एक मोठा वर्ग पिढ्यान् पिढ्या होता व आजही आहे. त्याच्याजवळ सनद नसते. तो न्यायाधीशापुढे उभा राहून बोलू शकत नाही. मात्र दाव्याचे कागद लावणे, नकला काढणे, साक्षीदारांना गोळा करून आणणे आणि त्यांचे म्हणणे लिहून घेणे ही कामे त्याच्याच हातून होतात. त्याला पूर्वी वकिलाचा कारकून म्हणत, आज काही ठिकाणी पॅरालीगल किंवा विधिसाहाय्यक म्हणतात. कायदा त्याला कलमाच्या वाटेने भेटत नाही, कागदाच्या वाटेने भेटतो. त्याच्या शिक्षणाची पायरी म्हणजे बहुधा एखादा शब्द असतो. प्रस्तुत लेखात अशा काही शब्दांच्या आधारे या शिक्षणाचा इतिहास पाहावयाचा आहे. माणसाचे बोलणे कागदावर येताना काय मिळते आणि काय हरवते, या प्रश्नाचा निकाल वकिलाच्या आधी या लेखनिकाच्या लेखणीत होत असतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

प्रथम पेशवाईकडे वळू. याज्ञवल्क्यस्मृतीने लिखित, भुक्ती आणि साक्षी अशी तीन मानुष प्रमाणे सांगितली असून त्यांच्या अभावी दिव्य सांगितले आहे. मराठेशाहीतील न्यायव्यवहार ढोबळमानाने याच चौकटीत चाले. डॉ. वि. त्रिं. गुणे यांनी १९५३ साली डेक्कन कॉलेजातर्फे प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात त्याचे साधार विवेचन आहे, म्हणून येथे त्याचा विस्तार करीत नाही. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो ‘महजर’. हा अरबी शब्द ‘हजर’ याच शब्दाच्या कुळातला. महजर म्हणजे हजर असलेल्यांचा कागद. वतनाचा तंटा गोतसभेपुढे आला की देशमुख, देशपांडे, पाटील, कुलकर्णी, बलुते यांच्यासमक्ष निवाडा होई व त्या सर्वांची नावे कागदावर येत. या पद्धतीत पुरावा आणि निकाल असे दोन वेगळे कागद नसत. ज्याने निवाडा ऐकला तोच त्याचा साक्षी, आणि ज्याने तो लिहिला तो लेखनिकही त्याच कागदाचा एक साक्षी.

या कागदांच्या शेवटी ‘गोही’ किंवा ‘साक्ष’ या शब्दाखाली नावे येतात. गोही हा फार्सी, साक्ष हा संस्कृत. आणि दोन्ही एकाच कागदावर सुखाने नांदतात. रघुनाथपंडिताने शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून राजव्यवहारकोश रचला आणि फार्सी शब्दांच्या जागी संस्कृत शब्द सुचविले, तरी कचेरीतील लेखनिकाने आपली सोय पाहून दोन्ही ठेवले. त्याहून लक्षणीय आहे तो ‘निशाणी’ हा शब्द. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे लेखनिक त्याच्या धंद्याचे चिन्ह काढी. पाटलाच्या नावापुढे नांगर, उदिमाच्या माणसापुढे तराजू. ‘निशाणी नांगर’ हे दोन शब्द ज्यांनी जुनी दफ्तरे चाळली आहेत त्यांच्या चांगल्या परिचयाचे आहेत. अक्षर नसलेला मनुष्य येथे निनावी राहत नाही. त्याचे काम हीच त्याची सही होते. हा शब्द पुढे कोठे जाऊन पोचला हे यथास्थळी येईलच.

पेशव्यांचे राज्य १८१८ साली संपले. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी आरंभी पंचायतीची जुनी पद्धत शक्य तितकी राखली, परंतु १८२७ च्या विनियमांनी मुंबई इलाख्यातील न्यायव्यवस्थेला नवे रूप दिले. वकिलास सनद घ्यावी लागू लागली. सनद हा शब्द पूर्वी वतनाचा आणि इनामाचा, तो आता वकिलीचा झाला. आणि ‘सनद असलेला’ व ‘सनद नसलेला’ असा जो भेद तेव्हा पडला तो अद्याप कायम आहे. हिंदू धर्मशास्त्रावर अभिप्राय देण्यासाठी न्यायालयांकडे शास्त्री नेमलेले असत. १८६४ साली ती पदेही बंद झाली. या मधल्या पंचेचाळीस वर्षांत पुराव्याचे नियम विस्कळीत होते. विलायती नियम, स्थानिक रूढी आणि न्यायाधीशाची सदसद्विवेकबुद्धी यांचे ते मिश्रण होते. कारकुनाने त्या काळी काय शिकावे हे त्याच्या वरिष्ठावर अवलंबून असे.

१ सप्टेंबर १८७२ पासून भारतीय पुरावा अधिनियम अमलात आला आणि परिस्थिती बदलली. ‘पुरावा’ हा शब्दच पाहा. ‘पुरणे’, ‘पुरवणे’ यांच्याशी त्याचे नाते उघड दिसते. जे कमी पडते ते भरून काढणारे ते पुरावा. मराठी माणसाच्या मनातील कल्पना अशी भरतीची होती: साक्षी जितके अधिक, तितका पुरावा भक्कम. नव्या कायद्याचा रोख बरोबर उलटा होता. कशाने भर घालावी यापेक्षा काय बाहेर ठेवावे याकडे त्याचे लक्ष अधिक. १३४ व्या कलमाने तर स्पष्ट सांगितले की कोणतीही गोष्ट शाबीत करण्यास साक्षीदारांची अमुक एक संख्या लागत नाही. आजही नवखा कारकून गावाकडून पाच साक्षीदार घेऊन येतो आणि वकील त्यांपैकी तिघांना परत पाठवितो, तेव्हा पुराव्याच्या या दोन कल्पना समोरासमोर उभ्या असतात.

सर्वांत अवघड धडा होता तो ‘ऐकीव’ या शब्दाचा. महजरात गावचा म्हातारा ‘वडिलांपासून ऐकत आलो’ असे सांगे आणि शिवेच्या तंट्यात त्या बोलण्याला मोठे वजन असे. ६० व्या कलमाने तोंडी पुरावा प्रत्यक्षच असला पाहिजे असे ठरविले. पाहिलेल्या गोष्टीबद्दल पाहणाऱ्याने सांगावे, ऐकलेल्या गोष्टीबद्दल ऐकणाऱ्याने. हा नियम वाटतो तितका जुन्या रीतीच्या विरुद्ध नाही, कारण सार्वजनिक हक्क व रूढी यांबाबत मृत जाणत्या व्यक्तींनी वाद उत्पन्न होण्यापूर्वी केलेली विधाने ३२ व्या कलमाच्या चौथ्या खंडाने, आणि ज्यांना ती रूढी माहीत असणे संभवते अशा हयात व्यक्तींचे मत ४८ व्या कलमाने ग्राह्य ठरविले होते. म्हणजे गावच्या म्हाताऱ्याला दार बंद नव्हते. फक्त त्याने कोणत्या दाराने आत यावे हे ठरले होते. परंतु ही वाट ज्याला दाखवावयाची तो कारकून ‘ऐकीव पुरावा चालत नाही’ एवढे एकच वाक्य पाठ करून बसला, आणि पुष्कळ ठिकाणी म्हातारे घरीच राहिले.

लिखिताच्या बाबतीत मात्र केवळ गैरसमजाचा प्रश्न नव्हता. अधिनियमाच्या ९१ व ९२ या कलमांनुसार, करार एकदा लेखी झाला की त्यातील अटी त्या लेखानेच शाबीत करावयाच्या, आणि त्यांच्याविरुद्ध पक्षकारांचा तोंडी पुरावा, काही अपवाद वगळता, चालावयाचा नाही. शहरातील दोन सुशिक्षित व्यापाऱ्यांत हा नियम न्याय्यच आहे. पण पुणे जिल्ह्यातील कुणब्याच्या बाबतीत खत लिहिणारा सावकाराच्या बाजूचा, खत मोडीत, सही करणाऱ्याला अक्षरओळख नाही, आणि जुन्या बाकीत व्याज मिळवून दरवेळी नवे खत. त्याच्या तोंडाला येथे काही किंमत उरली नाही. १२ मे १८७५ रोजी भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा झाला व त्याचे लोण पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरले. दंगेखोरांचा रोख सावकाराच्या जिवापेक्षा त्याच्या कागदांवर अधिक होता. ते खते आणि हुकूमनामे मागून घेत व जाळीत. इतिहासकारांनी या दंग्याची आर्थिक कारणे तपशिलाने दिली आहेत, परंतु पुराव्याच्या कायद्याच्या अभ्यासकाने तो याही दृष्टीने पाहावा. ज्यांच्या तोंडी पुराव्याला न्यायालयात जागा नव्हती त्यांनी लेखी पुराव्यालाच आग लावली.

सरकारने याचा अर्थ ओळखला असे १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियमावरून दिसते. हा अधिनियम पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता. त्याच्या १२ व्या कलमाने न्यायालयास खताच्या पाठीमागे जाऊन व्यवहाराचा मुळापासूनचा इतिहास तपासण्यास सांगितले. शेतकऱ्याने करून द्यावयाचे दस्तऐवज गाव-निबंधकासमोर, त्याने लिहून किंवा त्याच्या देखरेखीखाली लिहवून व्हावेत असे ठरले. पैसे भरल्याची पावती व हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क शेतकऱ्यास मिळाला. पुढे या कायद्यात १०-अ हे कलम घालून, ९२ व्या कलमात काहीही असले तरी व्यवहाराचे खरे स्वरूप काय होते याची चौकशी करण्याचा अधिकार न्यायालयास स्पष्टपणे दिला गेला. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की, पुराव्याच्या नियमातील दोष दूर करण्यासाठी विधिमंडळाने नवा लेखनिक नेमला. लेखणी कोणाच्या हातात आहे यावर लिखिताची विश्वसनीयता अवलंबून असते, ही गोष्ट १८७२ च्या कायद्याने गृहीत धरली नव्हती. १८७९ च्या कायद्याने ती मान्य केली.

आता शहराकडे येऊ. सनद मिळविण्यासाठी परीक्षा देणारे पुष्कळ तरुण पुण्यात होते, पण इलाख्यातील कायद्याचे पद्धतशीर शिक्षण मुंबईत केंद्रित झाले होते. विधिमहाविद्यालय पुण्यात निघाले ते १९२४ साली, इंडियन लॉ सोसायटीच्या वतीने, व त्याचे पहिले प्राचार्य ज. र. घारपुरे होत. त्यापूर्वीचा उल्लेखनीय प्रयत्न म्हणजे बाळ गंगाधर टिळक यांचा कायद्याचा वर्ग. डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून १८९० साली बाहेर पडल्यावर त्यांनी हायकोर्ट प्लीडर व डिस्ट्रिक्ट प्लीडर या परीक्षांसाठी हा वर्ग चालविला. टिळकांचे चरित्रकार या वर्गाचा उल्लेख उपजीविकेचे साधन म्हणून ओझरता करतात. प्रस्तुत लेखकास त्याचे महत्त्व अधिक वाटते, कारण पुराव्याच्या कायद्यातील एक मूलभूत नियम पुढे याच शिक्षकाच्या नावाने ओळखला जाऊ लागला, आणि तोही त्याने शिकविल्यामुळे नव्हे, तर सोसल्यामुळे.

ताईमहाराज प्रकरणाची हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. पुण्याचे सरदार बाबामहाराज पंडित १८९७ साली वारले. त्यांच्या मृत्युपत्राच्या विश्वस्तांत टिळक होते. विधवा ताईमहाराज यांनी जून १९०१ मध्ये औरंगाबाद येथे जगन्नाथ नावाचा मुलगा दत्तक घेतला, असे विश्वस्तांचे म्हणणे. असे दत्तविधान झालेच नाही, असे विरुद्ध पक्षाचे. प्रोबेट रद्द करण्याची चौकशी झाली, तीतून टिळकांवर खोट्या साक्षीचा खटला झाला, १९०३ साली त्यांना शिक्षा झाली, आणि १९०४ साली मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. दिवाणी दावा वेगळा चालला. १९०६ साली पुण्याच्या न्यायालयाने निकाल टिळकांच्या बाजूने दिला, १९१० साली उच्च न्यायालयाने तो फिरविला, आणि मार्च १९१५ मध्ये प्रिव्ही कौन्सिलने उच्च न्यायालयाचा निकाल रद्द करून पुण्याचा निकाल कायम केला.

या शेवटच्या निकालात लॉर्ड शॉ यांनी ज्या मुद्द्यावर बोट ठेवले तो आपल्या विषयाचा गाभा आहे. एकाच घटनेबद्दल तेच साक्षीदार अनेक चौकश्यांत अनेकदा बोलले होते. त्यांच्या आधीच्या जबान्या नंतरच्या दाव्यात त्यांच्याविरुद्ध वापरल्या गेल्या. परंतु त्या जबानीतील नेमके कोणते वाक्य आताच्या बोलण्याशी विसंगत आहे हे साक्षीदाराला दाखवून त्याचा खुलासा विचारला गेला नव्हता. साक्षीदाराच्या लेखी शब्दांचा त्याच्याविरुद्ध उपयोग करावयाचा असेल तर त्याला आधी खुलाशाची संधी दिली पाहिजे, हा १४५ व्या कलमाचा आशय या निर्णयाने ठळक केला. अशी संधी न देता त्याला असत्यवादी ठरविणे योग्य नाही, असा त्याचा भावार्थ. त्यानंतर शतकभर उलटतपासाच्या वादात ‘बाळ गंगाधर टिळक विरुद्ध श्रीनिवास पंडित’ हा निर्णय पुढे केला जातो.

वकिलाच्या दृष्टीने हा उलटतपासाचा नियम होय. कारकुनाच्या दृष्टीने हे एक काम आहे. जुन्या जबानीची नक्कल आधी काढून ठेवणे, विसंगत वाटणारे वाक्य शोधणे, त्याच्या दोन्ही बाजूंना खूण करणे, आणि साक्षीच्या दिवशी तेवढाच कागद वकिलाच्या हाती देणे. खूण केलेले वाक्य नसेल तर प्रश्नही नाही, आणि प्रश्न नसेल तर खुलाशाची संधीही नाही. या कामात कारकुनाला जे ओळखता आले पाहिजे ते वस्तुतः भाषेचे ज्ञान आहे. ‘मी गेलो होतो’ आणि ‘मी गेलेलो’ यांत विसंगती आहे काय? ‘दुपारी’ आणि ‘जेवणवेळेला’ या एकच वेळा आहेत की दोन? पुण्याच्या पेठेतला माणूस आणि मुळशीचा माणूस यांचे उत्तर एकच असेल असे नाही.

आता न्यायालयातील लेखनपद्धतीकडे पाहू. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश १८ प्रमाणे साक्ष सामान्यतः प्रश्नोत्तररूपाने न लिहिता सलग निवेदनाच्या रूपात लिहावयाची असते. एखादा विशिष्ट प्रश्न व त्याचे उत्तर जसेच्या तसे घेण्याची मुभा आहे. मराठीत याचा परिणाम चमत्कारिक झाला. वकील विचारतो, ‘तुम्ही त्या दिवशी प्रतिवादीला वाड्याच्या चौकात शिवीगाळ केली आणि म्हणून आता खोटी साक्ष देता, हे खरे ना?’ साक्षीदार म्हणतो, ‘नाही.’ कागदावर उमटते: ‘हे म्हणणे खरे नाही की, मी त्या दिवशी प्रतिवादीस वाड्याच्या चौकात शिवीगाळ केली व म्हणून आता खोटी साक्ष देत आहे.’ वाक्यरचना इंग्रजीवरून आलेली आहे हे सांगावयास नको. परंतु शैलीपेक्षा आशयाचा प्रश्न मोठा आहे. साक्षीदार दोन अक्षरे बोलला, कागदावर त्याच्या नावाने दोन ओळी झाल्या, आणि त्यांतील ‘मी’ हा मुळात वकिलाच्या तोंडचा ‘तुम्ही’ होता. शिवाय त्याने नकार कशाला दिला, शिवीगाळीला, चौकाला की कारणाला, हे या वाक्यातून कधीच कळत नाही. विधिसाहाय्यकांच्या एका वर्गात भाषेचे काही तास घेताना प्रस्तुत लेखकाने अशी वाक्ये उलट प्रश्नोत्तरांत बदलून पाहावयास दिली. एका ‘हे म्हणणे खरे नाही की’मधून विद्यार्थ्यांनी तीन-तीन प्रश्न काढले. उलटतपासात एका वेळी एकच गोष्ट विचारावी असे वकिलीचे ग्रंथ सांगतात. त्याचे कारण या अभ्यासात जितके सहज पटते तितके ग्रंथ वाचून पटत नाही.

कचेरीतील शब्दांचा जो थर साचला आहे तो वाचणे हे असेच मनोरंजक काम आहे. दस्तऐवज, जबानी हे फार्सी, शाबीत, नक्कल, रुजवात यांचे मूळ अरबी, साक्ष संस्कृत, सरतपास, उलटतपास, फेरतपास हे इंग्रजी संज्ञांसाठी घडविलेले मिश्र जोडशब्द, ज्यांत ‘सर’ म्हणजे मुख्य. भाषा संचालनालयाने १९६० नंतर परिभाषेला शिस्त लावली, आणि ती आवश्यकच होती. तथापि ‘विबंध’ असा शब्द छापून आला तरी कारकून ‘इस्टॉपेल’च म्हणतो. ‘खरी नक्कल’ हा प्रयोग बाहेरच्या माणसाला हसू आणतो, कारण रोजच्या बोलण्यात नक्कल ही खोटीच असते. पण ज्याला हा प्रयोग उमगला त्याला मूळ आणि दुय्यम पुराव्यातील भेदाचे अर्धे प्रकरण उमगले असे समजावे.

आणि ‘निशाणी’. पुण्याच्या न्यायालयात आज दस्तऐवजावर जो क्रमांक पडतो त्याला निशाणी म्हणतात. दरम्यान या शब्दाने आणखी एक वळण घेतले होते. नांगर गेला आणि त्याच्या जागी अंगठा आला. ‘निशाणी डाव्या हाताच्या अंगठ्याची’ असे लेखनिक लिहू लागला. अंगठ्याच्या ठशांबाबत तज्ज्ञाचे मत ग्राह्य धरण्याची तरतूद १८९९ साली कायद्यात झाली. म्हणजे आधी माणसाचा धंदा, मग त्याचे शरीर, आणि शेवटी केवळ कागदाचा अनुक्रम, असा या शब्दाचा प्रवास झाला. निशाणी पडली की कागद शाबीत झाला असे नवख्याला वाटते, कारण जुन्या अर्थाने ते खरेच होते: नांगर काढला की कबुली झाली. आता तसे नाही. केवळ क्रमांक दिल्याने दस्तऐवज यथाविधी शाबीत होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली सांगितले. लिहिणाऱ्याला किंवा अक्षर ओळखणाऱ्याला आणून तो शाबीत करावा लागतो. जुन्या अनुभवी कारकुनांच्या तोंडी या दोन क्रिया कधी एक होत नाहीत. त्यांच्या लेखी निशाणी ‘पडते’ आणि कागद ‘शाबीत होतो’.

अगदी अलीकडच्या काळात कारकुनाची जबाबदारी कमी झाली असे कोणास वाटेल तर ते चूक आहे. १९९८ साली मराठी ही राज्यातील दुय्यम न्यायालयांची भाषा म्हणून अधिसूचित झाली, आणि १ जुलै २००२ पासून दिवाणी दाव्यांत सरतपास प्रतिज्ञापत्रावर घेण्याची पद्धत लागू झाली. पूर्वी साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बोले व न्यायाधीश लिहवून घेत. आता त्याची मुख्य साक्ष वकिलाच्या कार्यालयात आधीच टंकलिखित होते, आणि तिचा पहिला मसुदा पुष्कळदा कारकूनच करतो. महजर लिहिणाऱ्या कुलकर्ण्याचे काम एका अर्थी त्याच्याकडे परत आले, परंतु भोवतालचे गोत मात्र परत आले नाही. बोलणाऱ्याचा शब्द कारकुनाने ‘शुद्ध’ केला तर उलटतपासात साक्षीदाराला स्वतःच्याच प्रतिज्ञापत्रातील शब्दाचा अर्थ सांगता येत नाही. ‘वहिवाट’ हा शब्द ज्याने आयुष्यात उच्चारला नाही त्याच्या तोंडी ‘अखंड व निर्वेध वहिवाट’ घातली की पहिल्याच प्रश्नाला साक्ष कोसळते, आणि जमीन खरोखर कसणारा मनुष्य दावा हरतो.

१ जुलै २०२४ पासून १८७२ चा अधिनियम जाऊन त्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ आला आहे. कलमे १७० झाली, क्रमांक बदलले. १४५ वे कलम आता १४८ वे आहे. पुष्कळशी मांडणी जुनीच असल्याने कारकुनाला क्रमांकांची नवी सारणी पाठ करण्यापलीकडे फार करावे लागले नाही. अपवाद इलेक्ट्रॉनिक अभिलेखाचा. ६३ व्या कलमाखालील प्रमाणपत्र दोन भागांत द्यावयाचे असून त्यात अभिलेखाचे हॅशमूल्य नमूद करावे लागते. मोबाईलमधील संभाषणाची छापील प्रत घेऊन येणाऱ्या पक्षकाराला ‘ही नक्कल आहे, मूळ कोठे?’ असे विचारण्याचे काम पुन्हा त्या सनद नसलेल्या माणसाकडेच आले आहे. आणि प्रतिज्ञापत्राच्या शेवटी, अंगठ्याच्या किंवा सहीच्या वर, मजकूर वाचून दाखविला व तो सांगण्याप्रमाणे बरोबर आहे, ही ओळ टंकलिखित करण्याचेही काम त्याच्याचकडे आहे. ती ओळ नमुन्यातच छापलेली असते. वाचून दाखविण्याचे काम मात्र दरवेळी नव्याने करावे लागते.